मदत हवी आहे : समुपदेशनात सांगितलेलं गावभर झालं, आता काय करावं?

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कास्तकार घर. दोन वर्षं कापूस हातचा गेल्यावर माझा लहान भाऊ अगदी गप्प झाला. खूप समजावून त्याला तालुक्याला समुपदेशनासाठी नेलं. चार वेळा गेला, झोप लागायला लागली होती. मग एक दिवस पानठेल्यावर कोणीतरी विचारलं, "काय गा, तुह्या डोक्याचा इलाज चालू आहे म्हन्ते?" आत बोललेली कर्जाची गोष्टसुद्धा त्या माणसाला माहीत होती. आम्ही घरच्यांनी कोणाजवळच बोललो नव्हतो. त्या दिवसापासून भाऊ जायला तयार नाही. मला त्याचीच धास्ती आहे, लोकांच्या बोलण्याची नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ नुसार उपचारातली माहिती गुप्त ठेवायची असते, हे मी वाचलं. जिवाला धोका असेल तर किंवा कोर्टाचा आदेश असेल तर गोष्ट वेगळी. पण इथे तसं काहीच नव्हतं.

तक्रार आधी त्याच केंद्राच्या प्रमुखाकडे करायची, की थेट याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे? भावाच्या वतीने मी केलेली चालेल का? आणि तक्रारीमुळेच आणखी बोभाटा झाला तर?

तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर त्याला बोलायला लावू का? फोनवर मराठीत बोलता येतं, पण आमच्या दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळत नाही. शेतातून बोलला तर चालेल असं मला वाटतं. कोणी असं केलंय का? आणि एकदा तुटलेला विश्वास परत कसा बसवला, तेही सांगा.