“ब्रेडेड लावा, रॉड कुठलाही चालतो” म्हणे!

तळशोध्या
गळाने मासे पकडायच्या शेजारच्या धाग्यावर एका महाशयांनी ठोकून दिलंय : “सेन्सिटिव्ह रॉड ही कंपन्यांनी सोडलेली पुडी आहे. ब्रेडेड लाइन लावा, रॉड कुठलाही घ्या, सगळं कळतं.” (सेन्सिटिव्ह म्हणजे पाण्याखालची हालचाल हाताला कळवणारा.) खाली लोकांनी टाळ्याही पिटल्यात. तिथे लिहिलं असतं तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा.

ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन, ताणत नाही, कबूल. नायलॉन तुटेपर्यंत वीस टक्क्यांच्याही वर ताणतं, ब्रेडेड जेमतेम तीन-चार टक्के. पण हा हिशोब लाइन ताठ असतानाचा. क्रँकबेट किंवा स्पिनर ही सतत ओढायची खोटी आमिषं, ती ओढताना लाइन ताठच असते आणि मासा स्वतः हिसका देतो. तिथे हातात झाडू असला तरी कळेल.

जिगचं, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळाचं, तसं नाही हो. जिग तळाला बसलीय, लाइनला थोडा झोळ आहे, शेंडा वर करून तुम्ही तिला वीतभर सरकवताय. वाळूवर नुसता जडपणा लागतो. खडीवर टकटक येते. गाळात रुतली की सुटताना चिकट ओढ. आणि मासा बहुतेक वेळा हिसका देतच नाही, पाण्यासकट जिग तोंडात ओढून घेतो. एक बारीक ‘टक्’ येतं, कधी तेही नाही, नुसतं वजन गायब होतं. शेंडा जड असेल तर ही खबर तिथेच जिरते, मुठीपर्यंत येतच नाही.

म्हणून जिगसाठी रॉड घेताना मी आधी शेंड्याकडचं वजन बघतो, मग त्याची ताकद माझ्या जिगच्या वजनाशी जुळते का ते. आणि वजन मोजताना मागे लावलेला रबरी ट्रेलर धरा. चौदा ग्रॅमची जिग ट्रेलरसकट चौदा राहत नाही, आणि रॉडवर छापलेल्या वजनाच्या पल्ल्याच्या वरच्या टोकाला गेलात की शेंडा आधीच वाकून बसलेला असतो. तो काय सांगणार तुम्हाला? ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या मूळ कांडीवर, छापलेले कार्बनचे ‘टन’ आणि ‘आयएम’ त्यानंतर.

रीळवाला
‘महाशय’ हजर आहेत. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

मी जिग ओढताना रॉड लाइनच्या रेषेत खाली धरतो आणि लाइन तर्जनीवरून घेतो. खबर लाइनमधून थेट बोटाला. मधे रॉड आलाच कुठे? तुमचा तो हलका शेंडा त्या वेळी शोभेला असतो. दुकानात रॉडचा शेंडा गळ्याला लावून ‘हंऽऽ’ करणारे आणि मुठीत थरथर लागली की ‘वा, काय सेन्सिटिव्ह’ म्हणणारे मी पाहिलेत. तुम्ही त्यातलेच दिसता.

तळशोध्या
गळ्याला लावून रॉड निवडणाऱ्यांतला मी नाही. तिथे ना रील लावलेलं असतं, ना लाइन, ना शेंड्याला वजन. त्यातून कळलं तर एवढंच कळतं की ब्लँक थरथरतो.

बोटाचं म्हणाल तर पद्धत चांगली आहे, मीही वापरतो. पण रॉड रेषेत धरून मासा लागला की झटका द्यायच्या आधी सैल लाइन गोळा करा, मग शेंडा उचला. तोवर तो जिग थुंकून मोकळा. शिवाय ब्रेडेडची घनता ०.९७, म्हणजे ती तरंगते. वारा असला की पाण्यावर तिची कमान होते. बोटाला मग वारा कळतो, मासा नाही. फ्लुरोकार्बन लाइनची घनता १.७८ च्या आसपास, ते बुडतं, झोळ पडला तरी ब्रेडेडपेक्षा बरं सांगतं.

नीरा
दोघांचीही गाडी ‘टन’वर येणार म्हणून आधीच लिहिते, कारण या विषयावर माझं डोकं फिरतं.

‘टन’ म्हणजे मॉड्युलसचं माप, आणि मॉड्युलस म्हणजे ताठपणा, ताकद नव्हे. तोरे कंपनीच्या टी३०० आणि टी७०० दोन्ही कार्बन तंतूंचं मॉड्युलस २३० गिगापास्कल, अगदी सारखं. टी७०० तुटायला जास्त जोर लागतो, बस. तरी टी७०० म्हणजे ‘दुपटीपेक्षा सेन्सिटिव्ह’ असं बिनदिक्कत सांगणारे आहेत. आयएम६, आयएम७ ही हेक्सेल कंपनीच्या तंतूंची व्यापारी नावं, दर्जाचा शिक्का नव्हे. रॉडवर कोण काय छापतो याला धरबंध नाही. तंतू चिकटवणारं रेझिन किती, आडवे थर किती, हे तर कोणी लिहीतच नाही.

पण रीळवाला, ‘कुठलाही रॉड’ हे मात्र अतीच झालं. ई-ग्लासचं, म्हणजे साध्या काचतंतूचं, मॉड्युलस सुमारे ७२ आणि घनता अडीच. साध्या कार्बनचं २३० आणि १.८. तेवढाच ताठपणा हवा तर ग्लासचा शेंडा जाड आणि जड होणारच. ही जाहिरात नाही, भागाकार आहे.

मोजायचंच असेल तर डॉ. विल्यम हॅनिमन यांची कॉमन सेंट्स पद्धत आहे. मूठ आडवी पक्की धरून शेंड्याला नाण्यांची पिशवी टांगायची आणि शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत नाणी टाकायची. फ्लाय रॉडसाठी काढलेली, पण कुठल्याही रॉडला लागू पडते. त्याच घराण्यात शेंडा मिनिटाला किती वेळा हेलकावतो तेही मोजतात. दोन रॉड सारखीच नाणी घेत असतील आणि एक जास्त वेगाने हेलकावत असेल, तर त्याचा शेंडा हलका.

रीळवाला
मोजा नाणी. मासा थांबतो तोवर.

खडूस_खेकडा
सेन्सिटिव्ह सेन्सिटिव्ह करताय, पण हे रॉड मोडतात त्याचं काय? माझा हाय-मॉड्युलस रॉड मासा काठाशी आलेला असताना शेंड्यापासून हातभर अंतरावर काडकन गेला. मासा काही राक्षस नव्हता. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर एका ओळीचं : वापरातली चूक. कसली चूक? रॉड वाकवायला घेतला होता, पूजेला नाही.

तळशोध्या
काठाशी आलेला होता ना? शेंडा कुठे होता, आभाळाकडे?

खडूस_खेकडा
मग कुठे असणार, चिखलात?

नीरा
तिथेच घात झाला. रॉड उभा आणि मासा पायाशी असला की सगळा बाक वरच्या बारीक भागात जातो, मुठीकडचा जाड भाग कामच करत नाही. टी७०० तुटेपर्यंत सुमारे २.१ टक्के ताणतो, जास्त ताठ असलेला एम४०जे १.२ टक्के. ताठपणा विकत घेतला की ही सूट कमी मिळते. तुमचा हात ब्लँकवर वर सरकला होता का? लढताना दुसरा हात मुठीच्या पुढे ब्लँकवर धरला तरी तेच होतं.

खडूस_खेकडा
ताई, आकडे पाठ असले म्हणजे तुम्ही काठावर उभ्या होतात असं होत नाही. सरळ म्हणा ना, रॉड देवाचा आणि दोष माझा.

ओलीचिंब
मी खेकडाभाऊंच्या बाजूने. माझ्या नवऱ्याने ग्लासच्या रॉडने मासे अक्षरशः उचलून काठावर आपटलेत, काही झालं नाही. माझा कार्बनचा मात्र साधा जिग फेकताना गेला. मागून आलेली जिग ब्लँकवर ‘टिच्’ करून आपटली होती, तेव्हा ओरखडासुद्धा दिसला नाही. पुढच्या खेपेला फेकताना तिथेच मोडला. जो रॉड टिचकी सहन करत नाही तो मला काय सांगतो याच्याशी मला देणंघेणं नाही.

रीळवाला
हेच तर मी म्हणत होतो. मजबूत रॉड, ब्रेडेड लाइन, विषय संपला.

तळशोध्या
तुम्ही हे म्हणत नव्हतात. तुम्ही ‘पुडी’ म्हणालात. आता ‘मजबूत’वर आलात. उद्या म्हणाल, मुळात मी जिग टाकतच नाही.

रीळवाला
तुमच्यापेक्षा जास्त टाकतो. आणि घरी बसून गिगापास्कल मोजत नाही.

नीरा
व्यक्तिगत नको. आणि मोजत असले तर मी, ते नाही.

ओलीचिंब, जिग फेकताना शिसं ब्लँकला लागलं तर बाहेरच्या थरातले तंतू तुटतात, वरच्या लॅकरला काही दिसत नाही. खरी गोष्ट आहे. म्हणून जिग ने-आण करताना गळ रॉडवरच्या लाइन ओवायच्या रिंगेत अडकवून लाइन आवळू नका. शिसं ब्लँकवर आपटत राहतं, आणि गळाचं टोक आतल्या सिरॅमिक कड्याला लागून त्याची कपची निघते. ती ब्रेडेडला ब्लेडसारखी कापते. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने प्रत्येक रिंग आतून पुसा. कापूस अडकला की ती रिंग गेली.

जुनी_मूठ
भांडण मजेशीर आहे, पण सगळे एकाच रॉडने सगळं करायला निघालेत. क्रँकबेटला तिहेरी गळ असतात, अंगाने बारीक. ताठ फास्ट (शेंड्यातच वाकणारा) रॉड आणि ब्रेडेड यांनी मासा चावल्या चावल्या तुम्ही झटका देता आणि गळ तोंडातून उपटून काढता. तिथे मला ग्लासचा सुस्तपणाच हवा, मासा वळेपर्यंत तो थांबतो. जिगचा एकेरी जाड गळ घट्ट रोवायला मात्र फास्ट शेंडा लागतो. क्रँकबेटसाठी सेन्सिटिव्ह रॉड विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, कशाला?

बाकी शेंडा हलका करायला रॉडच बदलायला हवा असं नाही. वरच्या चार-पाच रिंगा स्टीलच्या काढून टायटॅनियम फ्रेमच्या, एक माप लहान बसवा. इपॉक्सी पातळ लावा, नाहीतर वाचवलेलं वजन परत येतं. लीडरची, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडलेल्या वेगळ्या तुकड्याची, गाठ लहान रिंगेतून अडखळत नाही ना, तेवढं आधी बघा.

रीळवाला
हे पटण्यासारखं आहे. म्हणजे रॉड जुनाच, नुसत्या रिंगा बदलायच्या. तळशोध्या, तुमच्या पहिल्या प्रतिसादापेक्षा हे किती छोटं लिहून झालं बघा.

तळशोध्या
शेंड्याचं वजन कमी करा, हेच मी पहिल्या प्रतिसादात लिहिलंय. पण तुम्हाला पटलं ना, मग श्रेय जुनी मूठ यांना.

खडूस_खेकडा
कापसाची काडी फिरवली. तिसऱ्या रिंगेत अडकली. आता यालाही वापरातली चूक म्हणा.

ओलीचिंब
खेकडाभाऊ, ती मोडलेल्या रॉडची रिंग की नव्या?

खडूस_खेकडा
नव्या. आणि हो, ग्लासचा आहे.