मृत्यूची बातमी आपल्याच तोंडून सांगावी लागली, त्याचे ओझे कसे उतरवावे?

ओंजळ

नमस्कार. चौदा महिन्यांपूर्वी माझा मावसभाऊ कामाच्या ठिकाणी हृदयविकाराच्या झटक्याने वारला. तातडीच्या संपर्कासाठी त्याने माझा नंबर देऊन ठेवला होता, त्यामुळे घरच्यांपैकी सर्वांत आधी मला कळले आणि मावशीला कळवण्याचे कामही ओघाने माझ्याकडेच आले. मावशी चार तासांच्या अंतरावर एकटी राहते. खरे ते सांगायचे, असे ठरवूनच मी फोन लावला होता, पण पलीकडून तिचे नेहमीचे "बोल गं" ऐकू आले आणि माझ्या तोंडून निघाले, "दादाला दवाखान्यात दाखल केले आहे, सिरीयस आहे, शेजारच्या काकूंना बरोबर घे आणि लगेच नीघ."

त्या चार तासांत तिचे तीन फोन आले. तिन्ही वेळा मी "डॉक्टर प्रयत्न करत आहेत" असे सांगितले. ती पोहोचली तेव्हा तिच्या हातात दादाच्या जुन्या तपासण्यांची फाईल होती. डॉक्टरांना उपयोगी पडेल म्हणून एवढ्या घाईतही तिने ती कपाटातून शोधून आणली होती. ती फाईल पाहिल्यावर मला पुढचे काहीच सुचेना. मी म्हटले, "मावशी, दादा गेला." आणि तिने विचारले, "कुठे?"

तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. मावशीने मला कधीही दोष दिलेला नाही, त्या दिवसाचा विषयसुद्धा तिने काढलेला नाही. तरीही फोनवर तिचे नाव दिसले की माझे हात गार पडतात आणि बहुतेक वेळा मी फोन उचलतच नाही. दादा मला सख्ख्या भावासारखा होता, पण त्याच्यासाठी मी अजून रडलेले नाही. त्याची आठवण काढू गेले की त्याच्याऐवजी मावशीचा दारातला चेहराच डोळ्यांपुढे येतो. अशी बातमी ज्यांना सांगावी लागली आहे त्यांनी पुढे काय केले? आणि मी खोटे बोलले ते चूक होते का? कृपया मन राखण्यासाठी उत्तर देऊ नये.

रात्रपाळी

मी अपघात विभागात अठरा वर्षे डॉक्टर म्हणून काम करतो आहे. आपण लिहिलेला "कुठे?" मी स्वतः अनेकदा ऐकला आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. आपल्या भाषेत मरणासाठी सौम्य शब्द पुष्कळ आहेत: गेले, राहिले नाहीत, आपल्याला सोडून गेले. ज्याला मृत्यू आधीच ठाऊक आहे त्याच्याशी बोलताना हे शब्द शोभतात. ज्याच्या मनात अजून पूर्ण आशा आहे त्याला मात्र त्यांचा अर्थ लागत नाही, कारण आशेने भरलेले मन शब्दाचा दुसरा कोणताही अर्थ आधी धरते. मावशींचा प्रश्न हा आपल्यावरचा आरोप नव्हता. आपले वाक्य त्यांच्यापर्यंत अजून पोहोचलेच नव्हते. म्हणून आम्ही आता आधी एका वाक्यात पूर्वकल्पना देतो, "मला एक फार वाईट बातमी सांगायची आहे", एक श्वासभर थांबतो, मग "त्यांचा मृत्यू झाला आहे" असे स्पष्ट शब्दांत सांगतो आणि त्यानंतर गप्प बसतो. हे गप्प बसणे सर्वांत कठीण असते, कारण उपचारांचा तपशील सांगत सुटलो की स्वतःला बरे वाटते, पण समोरच्याला त्यातले काहीही ऐकू येत नसते.

मी शिकत असताना हे कोणी शिकवले नाही. वाईट बातमी सांगण्याची एक सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली कर्करोगाच्या रुग्णांच्या संदर्भात प्रसिद्ध झाली आणि पुढे जगभर शिकवली जाऊ लागली. ती मला उपयोगी पडली आहे, पण तिच्यात समोरचा माणूस शांत खोलीत बसलेला आहे आणि त्याला किती ऐकायचे आहे हे विचारायला वेळ आहे, असे गृहीत धरलेले असते. अचानक आलेल्या मृत्यूत यातले काहीच हाताशी नसते. आपल्या हाती तर फक्त एक फोन होता, आणि आपण स्वतःच दुःखात होता. मी ज्यांच्याविषयी सांगतो ते माझे कोणी नसतात; तरीही सुरुवातीच्या वर्षांतल्या एका वडिलांचा चेहरा मला आजही आठवतो, आणि त्यांच्या मुलीचा मात्र आठवत नाही. म्हणून दादाच्या जागी मावशींचा चेहरा येतो हे वाचून मला नवल वाटले नाही. माझ्या बाबतीत बोलण्याचा उपयोग झाला. त्या वडिलांविषयी मी एका वरिष्ठ परिचारिकेला पहिल्यांदा सांगितले तेव्हा सहा वर्षे उलटून गेली होती. इतका उशीर करू नये असे मला आपल्याला मनापासून सांगायचे आहे.

पैलतीर

मी पलीकडच्या बाजूची आहे. माझ्या यजमानांच्या अपघाताची बातमी मला माझ्या दिरांनी अशीच सांगितली होती: सिरीयस आहे, निघा. सहा तासांचा प्रवास होता. आपण मन राखू नका असे लिहिले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. त्या खोट्याचा मला राग आला होता, आणि तो बराच काळ टिकला. गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होते, फक्त मला ठाऊक नव्हते, आणि मी त्यांना सारखी सांगत होते की दवाखाना बदलायचा असेल तर पैशांची सोय होईल. ते आठवले की आजही मला लाज वाटते, खरे तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

परंतु मला त्याहून जास्त दुखावले ते नंतरच्या वागण्याने. दिरांनी माझ्याकडे येणे जवळजवळ बंद केले. सणावारी येत, मुलांशी बोलत आणि माझ्याकडे न पाहता निघून जात. नवरा गेल्यावर या घराने मलाही सोडले, अशी माझी पक्की समजूत झाली होती. सात वर्षांनी, मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना, त्यांनी एकदम विचारले, "वहिनी, तुम्ही अजून माझ्यावर रागावलेल्या आहात का?" आपल्या तोंडून निघालेल्या त्या शब्दांमुळे मला त्यांचे तोंडही पाहावेसे वाटत नसेल, असे ते सात वर्षे धरून चालले होते. मी त्यांना गाडीतल्या रागाविषयी सगळे सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, माफी मागितली, आणि मग आम्ही दोघेही पहिल्यांदा यजमानांविषयी बोललो.

आपल्या मावशींना काय वाटते ते मला माहीत नाही. पण त्या फोन करत आहेत आणि आपण उचलत नाही, एवढे मला कळले. त्यांचा मुलगा गेला आहे, आणि त्याच्याविषयी ज्या भाचीशी बोलावे ती भाची उत्तर देत नाही.

शोधक

मानसशास्त्र हा माझ्या अध्यापनाचा विषय आहे, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो. वाईट बातमी सांगताना जीभ अडखळणे ही आपली एकटीची दुर्बलता नव्हे. रोझेन आणि टेसर या संशोधकांनी १९७० साली दाखवून दिले की बातमी चांगली असली तर माणसे निरोप पूर्ण पोहोचवतात आणि वाईट असली तर त्यातला मुख्य भाग गाळण्याकडे त्यांचा कल होतो, मग त्या घटनेत त्यांचा काडीचाही हात नसला तरी. ऐकणाऱ्याची नाराजी आपल्यावर येईल ही भीतीही अगदीच निराधार नसते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांमध्ये, वाईट बातमी केवळ कळवणारा माणूसही ऐकणाऱ्यांना कमी आवडतो असे आढळले. मात्र ते प्रयोग अनोळखी माणसांवर होते. जन्मापासून ओळखणाऱ्या मावशीला ते लागू करण्याची घाई मी करणार नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर १९६५ मध्ये व्हिएतनाममधील इया द्रांगच्या लढाईत मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या घरी मृत्यूच्या तारा टॅक्सीचालकांच्या हाती पाठवल्या जात होत्या. त्या लढाईतील एका तुकडीच्या प्रमुखाची पत्नी ज्युलिया मूर यांना ते सहन झाले नाही. त्या स्वतः त्या घरांमध्ये जाऊ लागल्या आणि त्यांनी या पद्धतीविरुद्ध आवाज उठवला. त्यानंतर ही बातमी गणवेशातील अधिकारी आणि धर्मगुरू यांनी मिळून, घरी जाऊन सांगावी अशी व्यवस्था सैन्याने केली. या गोष्टीत मला नेहमी ते टॅक्सीचालकही दिसतात. हातात काय आहे हे ठाऊक असताना दार वाजवायचे आणि परत गाडीत एकट्याने बसायचे. त्या दिवशी आपल्यालाही जोडीला कोणी नव्हते, आणि मला वाटते आपला बराचसा भार त्या एकटेपणाचा आहे.

कवडसा

मी वडिलांना माझ्या धाकट्या भावाच्या मृत्यूविषयी फोनवर थेट खरे सांगितले होते. ते घरी एकटे आहेत का, बसलेले आहेत का, हे विचारायचे मला सुचलेच नाही. त्यांच्या हातून फोन खाली पडला आणि त्यानंतर वीस मिनिटे, शेजारी दार उघडून आत जाईपर्यंत, मला पलीकडून फक्त पंख्याचा आवाज ऐकू येत होता. त्यांना काही इजा झाली नव्हती. पण आपण खोटे बोललात आणि मी खरे बोललो, तरी आपल्या दोघांनाही झोप लागत नाही, म्हणून "चूक होते का" या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. काकूंना बरोबर घे, असे आपण मावशींना सांगितलेत. मला तेवढे सुचले असते तर ती वीस मिनिटे तशी गेली नसती.

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. पैलतीरताई, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री तीनदा वाचला. मावशीला माझा राग आला असेल याचाच विचार मी इतके दिवस करत होते. मी तिला टाळते आहे हे तिला कसे दिसत असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

आज सकाळी मी तिला फोन केला. फार बोलता आले नाही. रविवारी येते एवढेच सांगितले, आणि तिने "किती वाजता?" असे विचारले. दादाची ती फाईल त्या दिवसापासून माझ्या कपाटात आहे, कारण ती कोणाला द्यायची हे त्या गोंधळात कोणालाच कळले नव्हते. ती घेऊन जाणार आहे. रात्रपाळी यांनी सांगितले तसे, आधी एक वाक्य बोलून थांबेन: "मावशी, मी त्या दिवशी तुझ्याशी फोनवर खोटे बोलले." त्यापुढचे अजून जुळवलेले नाही.