प्रतिसाद: चारपाचशे ताऱ्यांच्या पुंजक्याला दीर्घिका (गॅलेक्सी) का म्हणायचं?

वर विचारलंय ना, एवढेसे तारे म्हणजे तारकागुच्छच झाला की, मला पण आधी तसंच वाटायचं. पण आपल्या आकाशगंगेजवळची सेग्यू १ ही चिमुकली दीर्घिका बघा, सिंह राशीतल्या मघा ताऱ्यापासून आकाशात जेमतेम चारेक अंशांवर, अंतर साधारण ७५,००० प्रकाशवर्षं, आणि सगळ्याचा मिळून उजेड किती तर काही शे सूर्यांएवढा. आकाशात एकट्या मघा ताऱ्यापुढं ती कुठंच नाही! फोटोत बघितलं तर काहीच दिसत नाही हो, कारण मधे आपल्याच आकाशगंगेतल्या ताऱ्यांची गर्दी. मग रंग आणि तेज बघून एकाच अंतरावरचे म्हातारे तारे तेवढे निवडायचे, म्हणजे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या फुल्ल गर्दीत एकाच तालमीचे (संघाचे) टीशर्ट शोधल्यासारखं.

खरी गंमत पुढं आहे. हवाईतल्या मोठ्या केक दुर्बिणीनं एकेका ताऱ्याचा वर्णपट (प्रकाशातले रंग वेगळे करून) घेऊन वेग मोजले तर त्यांच्यातला फरक सेकंदाला ४ किमीच्या आसपास निघाला, आता नुसत्या दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन धरलं तर तो एक किमीसुद्धा भरू नये, ४ किमीच्या फरकानं ते कधीच पांगले असते. म्हणजे धरून ठेवणारं डार्क मॅटर (दिसत नाही, पण गुरुत्वानं ओढतं असं द्रव्य) आहेच, आणि ते गुच्छात नसतं, दीर्घिकेत असतं. शिवाय ताऱ्यांमधल्या लोहाच्या प्रमाणात खूप फरक, गुच्छात असं सहसा नसतं, तिथले तारे साधारण एकदमच जन्मलेले असतात.

बाकी छोटी दीर्घिका स्वतः बघायची तर मोठा मॅगेलन मेघ (आपल्या आकाशगंगेची सोबतीण) कोल्हापुरातून क्षितिजाच्या जेमतेम तीन-चार अंश वर येतो, पन्हाळ्यावरनं दोनदा ट्राय केला, धुरळ्यात काय दिसतोय! त्यापेक्षा देवयानी दीर्घिकेची छोटी सोबतीण एम ३२ बघा, लहान दुर्बिणीतून पण मिळते.