'फ्लाय ऑफ द हँडल' : नेमकं काय उडतं?

भाची नाशिकला कॉलेज रोडला राहते, भाषांतराची कामं घेते. परवा तिचा मेसेज : "मामा, 'ही फ्ल्यू ऑफ द हँडल'ला काय लिहू? एकाने 'तो हँडलवरून उडाला' असं केलंय." माझ्या डोळ्यांपुढे सायकलवरून पडलेला माणूस आला.

अर्थ साधा : माणूस एकदम भडकला. आणि हा हँडल म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा. 19व्या शतकात अमेरिकेत रूढ झालेला प्रयोग. लाकूड वाळून आकसलं, पाचर ढिली झाली की ऐन घावाच्या वेळी पातं निसटतं आणि शेजारी उभा असेल त्याचं काही खरं नसतं. आमच्या मखमलाबादच्या मळ्यात उन्हाळ्यात कुदळीचं हेच व्हायचं. आजोबा आदल्या रात्रीच ती दांड्यासकट पाण्याच्या टिपाडात टाकून ठेवत. लाकूड फुगलं की दांडा घट्ट.

म्हणजे उडतं ते पातं, दांडा हातातच राहतो. आपल्या 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ'मध्ये गुन्हेगार दांडा. इथे तो बिचारा नुसता ढिला.

याला मराठीत 'पारा चढला' मला चालत नाही, पारा हळूहळू चढतो. 'डोक्यात राख घालून घेतली' म्हटलं की माणूस तरातरा निघूनही जातो. 'तळपायाची आग मस्तकात' जवळचं, पण त्याला कारणही तेवढंच मोठं लागतं. इंग्रजीतल्या रागाला चहात साखर कमी पडल्याचं कारणही पुरतं.

खरा जोडीदार 'सटकणे'. द्वारका चौकात अर्धा तास अडकलेला रिक्षावाला मागच्याने एकदा हॉर्न मारताच खाली उतरतो, तेव्हा 'त्याची सटकली' असंच आपण म्हणतो. काय सटकली, ते कोणी विचारत नाही. टरकली, तंतरली, जिरली, सटकली : सगळ्यांचा कर्ता गिळलेला आणि क्रियापद मात्र स्त्रीलिंगी. मराठीची ही खोड मला फार आवडते.

"पण मामा, गोष्टीतले साहेब साठीचे आहेत. 'साहेबांची सटकली' कसं लिहू?"

नकोच. निवेदनात 'साहेब एकदम भडकले' पुरे. शिपाई बाहेर येऊन दुसऱ्या शिपायाला सांगतो, तिथे खुशाल 'सायबाची सटकलीय' लिही.

"आणि 'ऑफ द रेल्स'?"

तिथे राग नाही, माणूस वाहवत जातो. आणि गाडी रुळावरून आपल्याकडेही घसरतेच की.