आठवीत डोळे झाकून ‘संपूर्ण संस्कृत’? आधी डोळे उघडा

वाकडी_वाट

काल ‘पेठेतली_आई’ यांनी इथे लिहिलं की आठवीत जाणाऱ्या मुलांनी डोळे झाकून संपूर्ण संस्कृत घ्यावं. शंभरातले अठ्ठ्याण्णव खिशात, हिंदीत ऐंशीच्या पुढे जाता जाता दमछाक, टक्केवारी पाच-सहाने वर. संयुक्त म्हणजे पन्नास गुणांचं हिंदी आणि पन्नास गुणांचं संस्कृत, धड ना इकडे धड ना तिकडे. आणि ज्या शाळेत संपूर्ण संस्कृत नाही तिथून सरळ दाखला काढावा. खाली ‘अगदी बरोबर ताई’ची रांग. रात्री गप्प बसलो होतो, सकाळी बायकोने तीच पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. म्हणून हे लांबण.

आधी हिशेब. एसएससीला बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, सहांतला सगळ्यात कमी गुणांचा विषय गळतो. समजा एका मुलीला मराठी ८८, इंग्रजी ९०, गणित ९४, विज्ञान ९३, समाजशास्त्र ९२ आणि हिंदी ७८. हिंदी गळाली, बेरीज ४५७, म्हणजे ९१.४ टक्के. आता हिंदीच्या जागी संस्कृत ९८ टाका. मराठी गळाली, बेरीज ४६७, म्हणजे ९३.४. झाले की नाही दोन टक्के? पाच-सहा कुठून आणले? आणि या व्यवहारात मराठी गळाली, त्याबद्दल कोणाला काही वाटत नाही, हेही बघून ठेवा.

दुसरं, ‘घ्यावं’ म्हणजे काय? आमच्या मुलीची शाळा खाजगी, सेमी इंग्रजी, नाव सांगत नाही. सातवीच्या निकालानंतर पालकसभेत फळ्यावर लिहिलं होतं: ८५ च्या वर संपूर्ण संस्कृत, ७० ते ८५ संयुक्त, बाकी हिंदी. मुलाला काय आवडतं हा रकाना फॉर्मवर नव्हताच. बरं, वेळापत्रक सोपं जावं म्हणून तुकड्याही त्याच यादीवरून. अ तुकडीत संस्कृत, ड तुकडीत हिंदी. मग चांगले गणिताचे सर कुठे जातात ते सांगायला नको. म्हणजे तेरा वर्षांच्या पोराची गणितातली तुकडी ठरते ती भाषेच्या नावाखाली. याला विषयनिवड म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

तिसरं, संस्कृतवर राग नाही. पण काही उत्तरं ‘माध्यमभाषया’ मराठीत नाहीतर इंग्रजीत लिहायची, रूपं आणि सुभाषितं घोकायची, आणि दहावीचा पेपर झाला की ‘आमोद’ हे संस्कृतचं पुस्तक रद्दीत. संस्कृतवर प्रेम असतं तर पोरं अकरावीत भाषा सोडून एवढ्या सहजपणे आयटी विषयाकडे वळली असती का?

पेठेतली_आई

‘फक्त’ दोन टक्के! अहो, अकरावीच्या प्रवेशयादीत पॉइंट दोननेसुद्धा कॉलेज हुकतं. माझ्या मोठ्याचं पहिल्या पसंतीचं कॉलेज हुकलं ते त्या दोन टक्क्यांनीच, त्याने हिंदी घेतली होती. धाकटीने संस्कृत घेतलं, तिला मिळालं. आता मी इतर आयांना सांगू नको? पाच-सहा म्हटलं ते ओघात.

आणि सगळी मुलं घोकंपट्टी करतात हे कशावरून? माझी धाकटी अजूनही सुभाषितांचा अन्वय लावून दाखवते. तुमच्या मुलीला शाळेने संयुक्त दिलं असेल, तो राग संस्कृतवर काढू नका.

लातूरकर

पुण्याच्या लोकांना टक्क्यांचं अप्रूप. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ जणांना शंभर टक्के, त्यातले ११३ आमच्या लातूर विभागाचे. ते काय नुसत्या संस्कृतावर? इंटरमिजिएट ड्रॉइंगला अ श्रेणी आली की सात गुण, लोककला, खेळ, सगळ्यांचे गुण वरून मिळतात. भाषेत शोधत बसलेत हे दोन टक्के, पोरांना एक ब्रश घेऊन द्या.

ब_तुकडी

लातूरकर, रागावू नका, पण गणितात शंभरातले शंभर, वरून चित्राचे सात, म्हणजे बेरीज कशाची झाली? २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्राचे अंतर्गत वीस गुण काढले तर राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० वर आला. पुढच्याच वर्षी ते परत दिले, निकाल ९५.३०. पोरं तीच, शिक्षक तेच. या आकड्यांवर आपण भांडतोय.

हिंदीच्या_बाई

एकवीस वर्षं वगैरे सांगत नाही, बरीच वर्षं हिंदी शिकवते आहे, अनुदानित शाळेत. हे सगळं वाचून बोलायचं नव्हतं, पण ‘बाकी हिंदी’ हे दोन शब्द लागले.

बाकी हिंदी! म्हणजे जी मुलं उरली ती माझी. आणि मग त्याच मुलांचा निकाल बघून मुख्याध्यापक विचारणार, बाई, तुमच्याच विषयात गुण कमी कसे?

आता आतली गोष्ट. शाळा कोणते विषय ठेवते हे मुलांच्या आवडीवर नाही, तुमच्या टक्क्यांवरही पूर्ण नाही. संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांच्या पदांच्या सरकारी मंजुरीत, पदं किती मंजूर होतात आणि कार्यभार कोणाचा भरतो, यावर ठरतं. संस्कृतचे सर निवृत्त झाले आणि जागा भरली नाही की एका वर्षात संस्कृत ‘मुलांना अवघड’ होतं. हिंदीच्या तासिका कमी झाल्या की मी अतिरिक्त, मग कुठल्या शाळेत समायोजन होईल ते देव जाणे. म्हणून संयुक्त हा प्रकार शाळांना प्रिय. दोन्ही शिक्षकांचे तास भरतात. मुलाला पन्नास-पन्नास गुणांचे दोन अर्धवट विषय मिळतात, ते वेगळं.

आणखी एक. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, गदारोळ झाला, २९ जूनला सरकारने मागे घेतला. पहिलीत हिंदी नको हे माझंही मत आहे. पण तेव्हा तावातावाने बोलणाऱ्यांपैकी कोणी येऊन विचारलं नाही की बाई, पाचवी ते दहावी तुम्ही जी शिकवता ती कशी चालली आहे?

पेठेतली_आई

बाई, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण शिक्षकांचे तास भरण्यासाठी माझ्या मुलीने विषय घ्यायचे का?

हिंदीच्या_बाई

नाही. पण शाळा तसेच देते, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

कानस

संस्कृत की हिंदी, हिंदी की संस्कृत. अरे, तिसरा पर्याय होता तो कोणी मारला ते बोला की! टेक्निकल!

इचलकरंजीकडचा आहे मी. आमच्या वेळी आठवीला तिसऱ्या भाषेऐवजी टेक्निकल घेता यायचं. आठवड्यातनं ठरलेल्या दिवशी वर्कशॉप. खाकी एप्रन, बेंच व्हाइस (जॉब घट्ट पकडायचा शिकंजा), हॅकसॉ (लोखंड कापायची करवत), कानस. लोखंडी पट्टीचा तुकडा घासून घासून काटकोनात आणायचा, सर गुण्या लावून उजेडाकडे धरणार, फटीतनं उजेड दिसला की जॉब परत. सुतारकामात रंधा आणि पटाशी. बोर्डावर दोन ठिकाणाहून एक दिवा लावायची जोडणी केली ती आजही घरात स्वतः करतो. माझी भाषा कच्ची होती, गणित बेताचं. पण तिथं मी पहिला होतो. आयुष्यात पहिल्यांदा.

नंतर संस्थेनं वर्कशॉप बंद केलं. मशिनं भंगारात. त्या खोलीत आता रोबोटिक्स लॅब आहे, फी वेगळी, किट बाहेरच्या कंपनीचं, पोरं खटके दाबून गाडी पुढं-मागं करतात. आणि आईबाप फोटो टाकतात. संस्कृतवाले दोन टक्क्याला रडतायत, आमची अख्खी पिढीच्या पिढी आयटीआयच्या नावानं नाक मुरडायला शिकली.

ब_तुकडी

कानसदादा, आठवण छान. आता माझी ऐका. आमच्याही शाळेत टेक्निकल होतं. मला घ्यायचं होतं. ‘मुलींसाठी सोय नाही’ हे उत्तर मिळालं. सोय म्हणजे काय, तर एप्रन नव्हते की व्हाइसची उंची जुळत नव्हती, ते आजवर कळलं नाही. आम्हाला शिवणकाम. तेव्हा तो सुवर्णकाळ सगळ्यांचा नव्हता.

आणि टेक्निकललाही कोण जायचं? ज्याला गुण कमी तो. म्हणजे वाकडी_वाट म्हणतात तीच यादी, फक्त एक पायरी खाली.

कानस

आमच्याकडं दोन मुली होत्या वर्कशॉपला. तुमच्या शाळेचं आमच्या टेक्निकलच्या माथ्यावर मारू नका.

ब_तुकडी

दोन! बरं, दोन. मान्य. हार घालू का संस्थाचालकांना?

नेकारकाठ

श्टुटगार्टहून लिहितोय. मध्येच बोलतो, कारण पुण्याच्या इंग्रजी शाळांत आठवीला जर्मन घेण्याची लाट आहे आणि भाचीसाठी बहिणीनेही हाच प्रश्न विचारला होता. शाळेतल्या तीन वर्षांत मूल साधारण ए-वन, फार तर ए-टूपर्यंत येतं, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांतली पहिली-दुसरी. ते वाईट नाही. पण ‘पुढे जर्मनीला जायचंय’ म्हणून घेत असाल तर इथे बऱ्याच कामांना त्यापुढची बी-वन, काही ठिकाणी बी-टू मागतात. शाळेतले ९७ गुण कोणी बघत नाही.

कानस यांच्याशी मी सहमत आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने इथल्याच बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. यादीत इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्स. संस्कृतचे ९८ वाले नाहीत आणि जर्मनचे ९८ वालेही नाहीत. इथे सोळाव्या वर्षीही मुलगा आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायच्या प्रशिक्षणाला, लागू शकतो, आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, काही शाळेत, आणि पगार घेतो. त्याच्या आईला लाज वाटत नाही.

पेठेतली_आई

हो का? मग तुम्ही जाऊन तिथे प्लंबर झालात का? इंजिनिअरच असाल. आमच्यातलं कोणी स्वतःच्या पोराला वर्कशॉपला घालत नाही, दुसऱ्याच्या पोराला घाला म्हणून सांगतात.

नेकारकाठ

इंजिनिअरच आहे. टोमणा बसला. पण इथली मुलं चौथीनंतर वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात, त्यावर इथेही आयुष्यभर भांडणं चालतात, तेव्हा हे नंदनवन आहे असं मी म्हणत नाहीये.

कानस

माझा मुलगा. सीबीएसईला आहे, आठवीत. स्किल सब्जेक्ट म्हणून एआय दिलंय. मी विचारलं काय शिकवतात. पुस्तकातनं व्याख्या पाठ. प्रात्यक्षिकाची वही विकत मिळते म्हणे, झेरॉक्सवाल्याकडे. तर ताई, मी घातला असता. वर्कशॉप उरलंय कुठं?

लातूरकर

सीबीएसईत दहावीला सहावा विषय म्हणून स्किल घेता येतं. गणित, विज्ञान किंवा समाजशास्त्रात पोरगं आपटलं तर त्याच्या जागी तो विषय धरतात. तेवढ्यासाठीच घेतात. शिकायचं कोणाला पडलंय?

वाकडी_वाट

सगळे पुन्हा तिथेच येताय. एआय घ्यायचं ते नापास होण्यापासून वाचायला, संस्कृत घ्यायचं ते दोन टक्क्यांना, चित्र काढायचं ते सात गुणांना. मी नेमकं हेच म्हणत होतो.

ताई, तुमच्या आरोपाचं उत्तर राहिलं. हो, मुलीला सातवीला ८३ पडले, शाळेने संयुक्त दिलं. तिला संपूर्ण हवं होतं. आजोबांबरोबर रामरक्षा म्हणताना तिने विभक्ती ओळखायचा खेळ केला होता, तेव्हापासून तिला ते आवडतं. मी शाळेत लेखी अर्ज दिला आहे.

पेठेतली_आई

थांबा. म्हणजे एवढा निबंध लिहून तुम्हालाही संपूर्ण संस्कृतच हवंय? काय ही माणसं!

वाकडी_वाट

मला नको आहे. तिला हवं आहे. तिला नेमकं तेच मिळत नाहीये, कारण तुमच्यासारख्या लोकांनी ते ८५ च्या वरच्यांचं करून ठेवलं आहे.

पेठेतली_आई

‘तुमच्यासारख्या’ काय? कट ऑफ मी लावला का? शाळेने लावला. आणि तरीही सांगते, ८५ ची अट मला पटत नाही. आमच्या शाळेत नव्हती. जिला हवं तिने घ्यावं, नाही जमलं तर नववीत बदलावं. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर. एवढ्यापुरतंच.

हिंदीच्या_बाई

नववीत बदलायचं म्हणजे आठवीचं सगळं व्याकरण सुट्टीत भरून काढावं लागतं. आत्ताच आग्रह धरा. अर्जाची पोच घेतलीत का?

वाकडी_वाट

दिली नाही. ‘बघू’ म्हणाले.

हिंदीच्या_बाई

मग दुसरा अर्ज द्या आणि प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कार्यालयातल्या भाऊसाहेबांना गोड बोला, मुख्याध्यापकांपेक्षा तेच लवकर हलतात. आणि पालक-शिक्षक संघाच्या सभेत अट लेखी मागा. लेखी कोणी देत नाही, मग अट आपोआप सैल होते. हिंदीची एक मुलगी कमी होईल, ते मी बघते.

ब_तुकडी

बाई, तुम्हीच खऱ्या.

कानस

ते सगळं झालं. पण टेक्निकलचं कोणीच बोलेना पुढं. ब_तुकडी ताई, तुमच्या शाळेत त्या वेळी नाही मिळालं, आता शिका. रविवारी माझ्याकडं गल्लीतली चार पोरं येतात, एक पोरगीपण आहे, आणि हॅकसॉ तीच सरळ चालवते. जागा आहे, कानशी आहेत, व्हाइस एकच. जुना सहा इंची बेंच व्हाइस कोणाच्या माळ्यावर पडला असेल तर कळवा. जबडा झिजलेला असला तरी चालेल.

लातूरकर

आमच्या शाळेच्या भंगारात आहेत दोन. पण संस्था सोडणार नाही. निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करणं, करावं लागतं म्हणे.