होमोसासाला स्कॅलप वेचायला जायचंय, सोबत आई आहे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही फ्लोरिडात टॅम्पाला राहतो. 1 जुलैला इथल्या होमोसासाकडे स्कॅलपचा (तिसऱ्यांसारखाच दोन शिंपल्यांतला जीव) हंगाम उघडतो, पहिल्याच आठवड्यात जायचं म्हणतोय. मी, नवरा, 12 वर्षांचा मुलगा आणि रत्नागिरीहून आलेली आई. आधी कुणीच गेलेलं नाही.

आई 67 वर्षांची. ओहोटी लागली की खाडीत उतरून तिसऱ्या काढण्यात तिचा जन्म गेलाय. पायाच्या अंगठ्याने चिखल चाचपायची, शिंपी लागली की वाकून उचलायची. बघावंसुद्धा लागायचं नाही. पण स्कॅलप चिखलात पुरलेले नसतात. चार-सहा फूट पाण्याखाली समुद्री गवतात बसतात आणि हात जवळ नेला की शिंपल्यांची उघडझाप करत पळतात. म्हणजे स्नॉर्केल लावून बुडी मारणं आलं. आईला पोहता येत नाही.

माणशी दोन गॅलन (शिंपल्यांसकट) आणि अख्ख्या बोटीला दहा, एवढं कळलं. 16 च्या आतल्या मुलाला लायसन्स लागत नाही, हेही. पण आईला 65 च्या वरची सूट मिळेल का? ती बोटीतच बसली तर तिच्या वाटणीचे आम्ही काढले तर चालतील? बोट भाड्याने घ्यावी की कॅप्टनवाली? नवऱ्याने कधी बोट चालवलेली नाही. आणि साफ कसे करतात? तिसऱ्यांची एकशिपी करताना आपण आतलं सगळं खातो, इथे फक्त पांढरा गोळा ठेवतात म्हणे.

तिला नुसतं बोटीत बसवून आणायचं नाहीये. तिच्या हाताला एक तरी स्कॅलप लागला पाहिजे.

प्रतिसाद

ताई, पहिल्या खेपेला कॅप्टनवालीच घ्या. लायसन्स त्यातच येतं, आईंचंही. 65 ची सूट फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना आहे. स्वतः बोट नेलीत तर त्यांना तीन दिवसांचं 17 डॉलरचं काढावं लागेल. दुसऱ्याच्या वाटणीचे काढायचे नाहीत, मर्यादा ज्याची त्याला.

आई पोहत नाहीत हे कॅप्टनला आधीच सांगा. ओहोटीला उथळ गवतात कमरेएवढं पाणी मिळतं. लाइफ जॅकेट, जुने बूट घाला आणि पाय घासत चाला, वाळूत पाकट (स्टिंगरे, शेपटीला काटा असलेला चपटा मासा) बसलेली असते. मास्क लावून तोंड पाण्यात घातलं की शिंपल्याच्या कडेला निळे डोळे दिसतील, मण्यांची ओळ जशी. पाण्यात माणसं आहेत हे दाखवायला बोटीवर लाल-पांढरा झेंडा लावतात, त्यापासून 300 फुटांच्या आत राहा. सकाळीच निघा, दुपारी विजा सुरू होतात.

स्कॅलप बर्फावर ठेवले की आपोआप उघडतात. चमच्याने काळं खरवडून काढायचं, पांढरा गोळा ठेवायचा. शिंपले नदीत टाकू नका.

धागाकर्ती

खूप आभार! कॅप्टनवाली बोटच बघते. पाकटाचं आईला सांगितलं, तर म्हणाली, "पाय घासतच चालते गो मी."