मदत हवी आहे : मॅनिफोल्ड व्हॅलीतली जुनी नॅरोगेज वाट, कारशिवाय

मे महिन्यात वडील मँचेस्टरला येताहेत, वय ७४. त्यांना स्टॅफर्डशरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेची वाट चालायची आहे. १९०४ ला सुरू, १९३४ ला बंद. हट्टाचं कारण एकच: तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचाच, आणि गेजही तेच, अडीच फूट. बार्शी लाइटच्या डब्यात वाढलेल्या माणसाला आणखी काय सांगणार!

रूळ केव्हाच उखडले, त्यावर १९३७ पासून डांबरी पायवाट आहे, हे त्यांना सांगून झालंय. "रूळ नसले तरी वळणं तीच असतील ना," म्हणाले.

वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड साधारण १३ किमी. चढ फारसा नाही, पण त्यांचे गुडघे ६-७ किमीच्या पुढे कुरकुरतात. आमच्याकडे कार नाही आणि सायकल त्यांना जमणार नाही. नकाशा पाहिलाय, लीक गावापर्यंत बसने पोचता येईल. अडतंय त्यापुढे. ह्यूम एंडची इंजिन शेड आणि तिकीटघर शिल्लक आहे, ते त्यांना बघायचंच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करून वेटन मिलपर्यंत चालावं असा विचार आहे. मध्ये स्वेन्सलीचा बोगदा येतो आणि त्यातून मोटारीही जातात.

कुणी हा टप्पा ज्येष्ठांबरोबर चालला आहात का? बोगद्यात पायी जाताना भीती वाटते का, आणि वेटन मिलहून लीकला परतायला टॅक्सी आधीच ठरवावी लागते की तिथून फोन करून मिळते?